वर्तुळाला फाटे फुटत नाहीत

पहिल्या तीन-चार उत्तरपत्रिका वाचून गणिताच्या फुआतिनोबाईंना हसू आलं. आणखी थोड्या वाचल्यावर हसू मावळलं, आणि गठ्ठा संपला तेव्हा बाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. प्रश्न साधा होता: वर्तुळ हे फलन आहे का, कारण द्या. वर्गातल्या झाडून सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं होतं. 'होय. वर्तुळ एकसंध असतं, त्याला फाटे फुटत नाहीत, म्हणून ते फलन.' कुणी एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. इओसुआसारख्या फुटबॉल खेळणाऱ्या धिप्पाड पोराने, ज्याला स्वतःचं नाव लिहितानाही घाम फुटायचा, त्यानेही ते वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

आता फलन म्हणजे काही आकाशातून पडलेली गोष्ट नव्हे. एक एक्स आत टाकायचा, एकच वाय बाहेर यायला हवा. दोन आले की ते फलन नाही, संपला विषय. वर्तुळाच्या आतून कुठेही उभी रेघ मारा, ती एकदा वर कापते आणि एकदा खाली. एका एक्सला दोन वाय. हे फुआतिनोने आठवडाभर शिकवलं होतं. पांढऱ्या फळ्यावर इतक्या उभ्या रेघा मारल्या होत्या की पेन कोरडं पडलं होतं.

कॉलेजचे विभागप्रमुख होलकॉम मूळचे अमेरिकेतल्या ओहायोचे. हवाईच्याही पलीकडच्या ह्या बेटावर येऊन दोन वर्षं झाली तरी त्यांचं नाक उन्हाने रोज नव्याने भाजायचं. माणूस वाईट नव्हता, पण कागदावर जे दिसतं तेच त्यांना दिसायचं. त्यांनी गठ्ठा चाळला आणि म्हणाले, ही कॉपी आहे. फुआतिनो म्हणाली, मुलं लांब लांब बसली होती आणि मी सारखी फिरत होते. मग तुम्हीच असं शिकवलं असणार, होलकॉम म्हणाले. ह्या दोन्हींतलं कुठलं कबूल करावं ते तिला कळेना. शेवटी त्यांनी ठरवून टाकलं: पुढच्या शुक्रवारी पुन्हा परीक्षा, ते स्वतः वर्गात बसणार. पुन्हा असाच प्रकार झाला तर दोन्ही परीक्षा रद्द, सगळ्या वर्गाला हा प्रीकॅल्क्युलसचा विषय पुढच्या सत्रात परत, आणि शिकवायला दुसरं कुणीतरी. वर्गातली निम्मी मुलं ऑगस्टमध्ये हवाईला जायची होती, कुणी नर्सिंगला, कुणी इंजिनियरिंगला. त्यांच्या जागा तोवर थांबणार नव्हत्या. फुआतिनोची तर नोकरीच नवी होती. तिचं हे पहिलंच वर्ष.

ते वाक्य कुणाचं आहे हे तिला पहिल्या उत्तरपत्रिकेपासून ठाऊक होतं. ते तिच्या मामाचं होतं.

वाइमिली ही मामाची पदवी, आणि गावाच्या वतीने बोलणं हे त्या पदवीचं काम. पाहुणे आले, कुणी गेलं, कुणाचं लग्न ठरलं, की हातात उंच काठी आणि खांद्यावर माशा वारायची चवरी घेऊन मामा उभा राहायचा आणि त्याचा आवाज खाडीपलीकडे जायचा. त्याआधी वीस-बावीस वर्षं त्याने अमेरिकेच्या सैन्यात काढली होती. परत आला तेव्हा गावच्या शाळेत गणिताला मास्तर नव्हता, पोरांना खेळाचे सर गणित शिकवत होते, म्हणजे न शिकवता पास करत होते. मामाने मनावर घेतलं. निवृत्त सैनिकाला शिकायचा खर्च सरकार देतं. आपण कॉलेजची पदवी घ्यायची आणि गावच्या शाळेत शिकवायचं. अशा रीतीने पांढरा शर्ट, काळी लुंगी आणि नाकावर चष्मा असा मामा आपल्या सख्ख्या भाचीच्या वर्गात पहिल्या रांगेत येऊन बसला.

चूक पहिल्याच दिवशी झाली, आणि ती फुआतिनोचीच होती. रीतीप्रमाणे तिने मामाचं नाव, पदवी, घराणं सगळं घेऊन त्याचं स्वागत केलं. ते ऐकून वर्गाला जे कळायचं ते कळलं. इथे वक्ता बसला आहे. गावात चारचौघांना प्रश्न केला तर ज्याला वाटेल तो उठून उत्तर देत नाही, ते वक्त्याचं काम. त्यामुळे बाईंनी विचारलं, 'हे फलन आहे का?' की सगळ्या माना मामाकडे वळायच्या. मामा शोभेल इतका वेळ थांबायचा, घसा खाकरायचा आणि बोलायचा. निम्म्या वेळा त्याचं बरोबर असायचं. उरलेल्या निम्म्या वेळा ते तितक्याच थाटात चूक असायचं. वर्तुळाचं वाक्य त्यातलंच.

आणि तो चुकला की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. बसलेल्या वडीलधाऱ्या माणसासमोरून फळ्याकडे जातानासुद्धा ती कमरेत वाकायची आणि 'तुलोउ, तुलोउ' म्हणत माफी मागायची. जिला समोरून ताठ चालता येत नाही ती 'मामा, तुमचं चुकलं' कशी म्हणणार? ती म्हणायची, 'हाही एक विचार आहे,' आणि बरोबर उत्तर फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवायची. होनोलुलूला ती एवढं शिकली, पण ह्यावर तिला कुणी काही शिकवलं नव्हतं.

शनिवारी गावात गडबड होती. शेजारच्या खोऱ्यातले लोक नव्या सभाघराच्या निमित्ताने भेट घेऊन येणार होते. सकाळीच मामा बहिणीकडे कोको प्यायला आला. फुआतिनोची आई सालोमे मागच्या अंगणात अळूच्या पानांत नारळाचं दूध बांधत बसली होती. फुआतिनोने धीर गोळा केला आणि म्हणाली की वर्गातल्या मुलांनाही कधीतरी बोलू द्यावं असं तिला वाटतं.

मामाने पेला खाली ठेवला.

"मी कुठे कुणाचं तोंड धरलंय? तू विचारतेस आणि सगळे मुके होऊन बसतात. तू तिथे उभी, हातात पेन, आणि नुसता एसीचा आवाज. माझ्या बहिणीच्या मुलीने चारचौघांत विचारावं आणि तिला उत्तर मिळू नये? ते मी बघत बसू?" तो थांबला आणि मऊ आवाजात म्हणाला, "तू काळजी करू नकोस, पोरी. मी आहे तोवर तुझा शब्द खाली पडणार नाही."

झालं. इतके दिवस फुआतिनो समजत होती की मामाला आपला आवाज ऐकायची हौस आहे, आणि मामा तिची अब्रू सांभाळत होता. होलकॉमची गोष्ट, उत्तरपत्रिका, शुक्रवार, सगळं ओठांवर आलं होतं ते तिने गिळलं आणि मामाला आणखी कोको ओतला.

तो गेल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. सालोमे पानं बांधता बांधता ऐकत होती. भावाने बहिणीचा शब्द मोडायचा नाही हा तिथला जुना करार, त्यामुळे तिला उपाय सोपा होता.

"मी सांगते त्याला गप्प बस म्हणून. बसेल."

"खरंच?"

"बसेल की. घरी बसेल. वर्गात पुन्हा पाऊल टाकणार नाही, आणि शाळेतली पोरं आणखी दहा वर्षं खेळाच्या सरांकडून भागाकार शिकतील. सांगू?"

फुआतिनो म्हणाली, नको.

"मग तुझं तू बघ. आणि तोंड पाडून बसू नकोस, ती पानं इकडे दे."

दुपारी पाहुणे आले. मैदानाच्या एका टोकाला ते बसले, दुसऱ्या टोकाला गावचे वक्ते काठ्या टेकून उभे राहिले, आणि भाषणाच्या आधी जो वाद व्हायचा तो सुरू झाला. आज गावातर्फे कोण बोलणार? एक म्हणे माझा हक्क, दुसरा म्हणे माझ्या आजोबांचा मान, तिसरा म्हणे हे सभाघर कुणाच्या जमिनीवर आहे ते आधी सांगा. बायका फणसाच्या झाडाखाली जेवणाच्या टोपल्या झाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक टोल्याला हसत होत्या. मामाने एकेकाला लोळवलं. वंशावळीत धरलं, विनोदात धरलं. शेवटी सगळे खाली बसले आणि उभा राहिला एकटा वाइमिली. आता बोलणार म्हणून पाहुणे सरसावले, तर मामा वळला आणि एका तरुण वक्त्याला म्हणाला, आजचं भाषण तुझं. आणि स्वतः मांडी घालून बसला.

सालोमेचा चेहरा फुलला. "बघितलंस? भाषण काय, कुणीही करतं. जिंकलेलं भाषण देऊन टाकायला छाती लागते."

त्या तरुणाचं भाषण साधारणच झालं. पण ते गावाचं भाषण होतं. एकदा ज्याला शब्द दिला तो सगळ्यांच्या वतीने बोलतो, मग तो जे बोलेल ते सगळ्यांचं. फुआतिनो टोपली उचलायची विसरून बघत राहिली. आईने दोनदा हाक मारली तेव्हा ती भानावर आली.

बुधवारी तिने वर्गातल्या खुर्च्या भिंतीच्या कडेने गोल लावून घेतल्या आणि स्वतःही एक ओढून बसली. एसीमुळे पोरं नेहमीप्रमाणे जाड टोपीवाले कोट घालून आली होती. फळ्यावर तेच वर्तुळ होतं. पाचाची त्रिज्या, केंद्र शून्यावर. ती म्हणाली, आज ह्या वर्तुळाबद्दल वर्गातर्फे एकच जण बोलेल. कोण, ते आधी ठरवा. रीतीने ठरवा.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मामाच्या डोळ्यांत चमक आली. त्याने सुरुवात केली, अर्थात. आपलं वय, आपली पदवी, आपली पहिली रांग. मग कुणीतरी इओसुआला कोपराने ढोसलं. तो उभा राहिला, परत बसला, मग बसूनच म्हणाला की त्याची आई मनुआची, आणि मनुआची बेटं सगळ्यांच्या आधी झाली हे सगळ्यांना माहीत आहे, तर मोठ्या माणसांची क्षमा मागून, पहिला हक्क त्याचा. वर्गात हशा पिकला. मामाने खूश होऊन मांडीवर थाप मारली.

"मनुआ आधी झालं, कबूल. पण तू सगळ्यात उशिरा येतोस. काल तर दहा मिनिटं उशिरा आलास."

मग मात्र बांध फुटला. कोपऱ्यातून एक मुलगी म्हणाली, त्रिज्या पाच आहे आणि ती घरात पाचवी. दुसरा म्हणाला, वर्तुळ त्याच्या काकांच्या बसच्या चाकासारखं दिसतं, म्हणजे प्रश्न त्याच्या घरचा. सत्र सुरू झाल्यापासून ज्यांचा आवाज ऐकला नव्हता त्यांचे आवाज फुआतिनोने त्या दिवशी ऐकले. मामा एकेकाला मायेने आडवं करत गेला. अखेर सगळे हरले आणि वर्ग शांत झाला.

मामाने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. ती थांबली पेरेनिसेवर. ही मुलगी दाराजवळ बसायची, तास संपला की सगळ्यांच्या आधी नाहीशी व्हायची. तिचे आजोबा मोठे वक्ते होते, मामाने लहानपणी त्यांची भाषणं ऐकली होती.

"शब्द तुझा," मामा म्हणाला. "आजोबांची आठवण ठेवून बोल."

पेरेनिसे लाल झाली. नाही म्हणायची सोय नव्हती, दिलेला शब्द परत करत नाहीत. तिने आधी सगळ्यांची नावं घेऊन नमस्कार केले, पदव्या अनुक्रमाने, एकही चुकली नाही. मग फळ्याकडे बघत, बारीक आवाजात म्हणाली की एक्स तीन घेतला तर वाय चार येतो, आणि उणे चारही येतो. आत एक गेला आणि बाहेर दोन आले. म्हणून हे फलन नाही.

मग ती काय बोलली ते तिलाच कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. इओसुआ आपल्या चपलांकडे बघायला लागला.

मामा फळ्याकडे बघत होता. ओठ हलत होते. तीन, चार, उणे चार. मग तो पेरेनिसेकडे वळला.

"परीक्षेत काय लिहिलं होतंस?"

"तुम्ही म्हणाला होतात ते."

"तेव्हा तुला हे माहीत होतं?"

तिने मान खाली घातली. "होतं."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

मग इओसुआचा हात खांद्यापर्यंत वर आला. त्याच्या शेजारचा आला. मग एक एक करत जवळजवळ सगळ्या वर्गाचे हात वर झाले. फुआतिनो बघत राहिली. आपल्याला शिकवता येत नाही, ह्या भीतीत तिने किती दिवस काढले होते, आणि पोरांना सगळं येत होतं.

"मग लिहिलं का नाहीत?" मामाने विचारलं. "परीक्षा तुमची होती."

"तुमचं बोलून झालं होतं," पेरेनिसे म्हणाली. "त्यानंतर वेगळं बोलायचं म्हणजे..."

"आणि बाईसुद्धा काही म्हणाल्या नाहीत," इओसुआ म्हणाला. "आम्हाला वाटलं, त्यांनाही हेच हवंय."

हे थेट तिच्या काळजात शिरलं, कारण ते खरं होतं. मुलांना गप्प बसायला मामाने शिकवलं नव्हतं, तिने शिकवलं होतं. रोज, वाकून वाकून. तिने मामाकडे पाहिलं आणि स्वतःचाही हात वर केला.

"मलाही माहीत होतं, मामा. वर्तुळाचं तुमचं चुकलं होतं. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही."

मामाने तिच्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून काय काय सरकून गेलं ते तिला नीट वाचता आलं नाही. त्यात राग नव्हता, एवढं मात्र कळलं. पुढे होऊन गाव सांभाळतो आहोत असं समजणारा माणूस, मागे वळून बघतो तर सगळं गाव त्याच्या मागोमाग खड्ड्यात उतरलेलं, आणि वाट माहीत असूनही कुणी हाक मारलेली नाही. मग त्याने पाठ सरळ केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि वक्त्याने वक्त्याला भाषणाची द्यायची दाद, जी पदवी असलेल्या माणसालाही दर वेळी मिळत नाही, ती भर वर्गात, मोठ्या आवाजात, एकोणीस वर्षांच्या मुलीला दिली.

"मालो फेतालाई, पेरेनिसे."

सगळ्या वर्गाने ती उचलून धरली. एवढा गलका झाला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून गेलं. पेरेनिसे रडत होती आणि हसत होती, आणि तिच्या मैत्रिणी तिला दोन्ही बाजूंनी हलवत होत्या.

शुक्रवारी होलकॉम खरोखर येऊन बसले. संध्याकाळी त्यांनी गठ्ठा चाळला आणि त्यांचं भाजलेलं नाक हळूहळू वर आलं. बरोबर उत्तरं होती, पुष्कळ होती. पण फुआतिनोला खरा आनंद झाला तो चुकांचा. प्रत्येकाची चूक निराळी होती. इओसुआने वर्गमूळ काढताना उणे चिन्ह हरवलं होतं, कोपऱ्यातल्या मुलीने आलेख उलटा काढला होता. मामा काठावर पास झाला होता. होलकॉम म्हणाले, परीक्षा ग्राह्य, वर्ग तुमच्याकडेच. आणि इतक्या चुकांवर एवढी खूश झालेली शिक्षिका त्यांनी पाहिली नव्हती म्हणे.

सोमवारी फुआतिनोने नवा धडा काढला: व्यस्त फलन. जे आत गेलं ते बाहेर आलं, आता बाहेर आलेल्यावरून आत काय गेलं होतं ते शोधायचं. तिने एक उदाहरण सोडवलं, दुसरं सोडवलं, एक्स आणि वायची अदलाबदल केली, बाण काढले. मग मागे वळून, सवयीने, विचारलं, "समजलं?"

सवयीनेच सगळा वर्ग मामाकडे वळला.

मामाने घसा खाकरला. मग, शाळेतल्या मुलासारखा, हात वर केला. आजवर त्याने वर्गात उत्तरंच दिली होती, हात कधी वर केला नव्हता.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "मला अजिबात समजलं नाही. परत सांगा."

आणि मग वर्गभर एकेक हात वर जाऊ लागला. इओसुआचा, कोपऱ्यातल्या मुलीचा, बसवाल्याच्या पुतण्याचा, आणि दाराजवळून पेरेनिसेचाही.

"आम्हालाही नाही, मॅडम."

फुआतिनोने फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.